एक्केचाळीसला दहा

गाडी २०२०च्या जानेवारीत आली आणि माझे सासरे फेब्रुवारीत. गाडी चालत नव्हती. सासरे तीन महिन्यांसाठी आले होते, ते वर्षभर राहिले.

गाडी अमेरिकी बनावटीची, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, दोन दारांची, आठ सिलिंडरची. लांब नाक, आखूड मागची बाजू आणि गरजेपेक्षा कितीतरी मोठं इंजिन. अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. माझ्या नवऱ्याने ती एका आयरिश बाईकडून घेतली. तिचे वडील शिकागोहून कायमचे परतले तेव्हा ती बोटीने घेऊन आले होते. इंजिन व्यवस्थित सुरू व्हायचं, पण त्याची ताकद मागच्या चाकांपर्यंत पोचत नव्हती. गिअरबॉक्स घसरत होता आणि मागच्या ॲक्सलमधल्या दातेरी चाकाचे चार दात तुटले होते. आयर्लंडमध्ये ओंगारला आमचं घर रांगेतलं, त्याला गॅरेज नाही. म्हणून गाडी साडेचार किलोमीटरवरच्या एका शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. शेडचा मालक सत्तरीचा, दुधाचा धंदा बंद केलेला शेतकरी.

सासरे अकोल्याचे. बस डेपोच्या कार्यशाळेत त्यांनी तेहतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वर्षं गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या, विभागाचे प्रमुख म्हणून. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. सासूबाई गेल्यानंतरची ही त्यांची आमच्याकडची पहिलीच फेरी.

मार्चअखेर घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायला बंदी आली आणि शेड हद्दीबाहेर गेली. मे महिन्यात मर्यादा पाच किलोमीटरची झाली आणि शेड हद्दीत आली. व्यायामाला परवानगी होती. बापलेक चालत निघायचे, तासाभराने पोचायचे.

त्या उन्हाळ्यात नवऱ्याने गाडी खोलली. सासरे एका उलट्या क्रेटवर बसून बघायचे. त्यांना कोणी काही विचारलं नाही. यात नवऱ्याचा तोरा नव्हता. आलेल्या वडिलांना कामाला लावायचं नाही, ही साधी रीत तो पाळत होता. घरी तो त्यांचा चहाचा कपही विसळू द्यायचा नाही. "बाबा, तुम्ही बसा," असं म्हणायचा आणि ते बसायचे. शेडमध्ये तो फोनवर व्हिडिओ लावून नट सोडवायचा. चुकीचा पाना उचलला की सासऱ्यांचा उजवा हात गुडघ्यावरून थोडा वर यायचा आणि परत गुडघ्यावर जायचा.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी ते स्वयंपाकघरात आले. नवरा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता. मी टेबलावर काम करत होते. पुण्यात मी बारा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. इथे यंत्रांच्या वापरसूचना तपासते.

"सूनबाई, एक इचारू का?"

"विचारा ना, बाबा."

"तो जॅक चुकीच्या जागी लावते. तीन खेपा पाह्यलं मी. बोलाव का?"

"बोला की."

"बोललो, अन् त्यानं माहं मन राखाले 'हो बाबा' म्हनलं, तं? मन राखलेलं मले समजते. तेहेतीस वर्षं मी साहेबाचं मन राखलं हाय."

त्यांचं म्हणणं एवढंच होतं. विचारायचं असेल तर कारागिराला विचारतात तसं विचारा. नाहीतर पाहुणा म्हणून बसवलं आहे, तसं बसू द्या. मधलं काही त्यांना नको होतं. आणि परतायच्या आधी यातलं कुठलं ते त्यांना कळायला हवं होतं.

मी हे बोलणं नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पण त्यांचा जन्म बसमध्ये गेला. ही वेगळी गाडी आहे." मी म्हटलं, जॅक चुकीच्या जागी लागतोय. दुसऱ्या दिवशी जॅक बरोबर जागी लागला.

ऑक्टोबरच्या शेवटी पाच किलोमीटरची मर्यादा पुन्हा लागू झाली. त्याच सुमारास सुटे भाग मागवायची वेळ आली. या खेपेला नवऱ्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि वडिलांसाठी खुर्ची ओढली.

गिअरबॉक्सचा निर्णय दहा मिनिटांत झाला. मूळचा ऑटोमॅटिक दुरुस्त करायचा की चार गिअरचा हाताने टाकायचा बसवायचा, हा प्रश्न होता.

"ऑटोमॅटिक मी जन्मात खोलला नाही," सासरे म्हणाले. "तुले पाह्यजे तं घे. मले इचारू नको मंग."

नवऱ्यालाही हाताचाच हवा होता.

खरा प्रश्न क्राऊन आणि पिनियनचा होता. इंजिनाकडून मागे येणाऱ्या दांड्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते ॲक्सलमधल्या मोठ्या चाकाला फिरवतं, तो क्राऊन. गाडीची चाकं क्राऊनबरोबर फिरतात. क्राऊनला पिनियनच्या जितके पट दात, तितकी ओढ जास्त आणि तितकंच इंजिन जास्त पळवावं लागतं. दोन्ही चाकं एकाच वेळी, एकमेकांवर घासून तयार केलेली असतात, म्हणून जोडीनेच घ्यावी लागतात. एकदा बसवली की मन बदललं म्हणून काढून ठेवायची ती वस्तू नाही. बसवायला चार दिवस जातात.

नवऱ्याने तक्ता केला होता. त्यात टायरचा घेर होता, वेग होता, इंजिनाचे मिनिटाला फेरे होते. त्याने एका ओळीला पिवळा रंग दिला होता: क्राऊनला एकोणचाळीस दात, पिनियनला बारा. म्हणजे सव्वातीन पट.

सासऱ्यांनी तक्त्याकडे पाहिलं नाही. त्यांनी विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं आणि माझ्याकडून पेन घेतलं.

"गाडी कोन्त्या रूटले चालन?"

डेपोत कुठल्याही गाडीच्या ॲक्सलला हात लावण्याआधी हा प्रश्न विचारला जायचा. घाटाची गाडी वेगळी, सपाटीवरून लांब पळणारी वेगळी, गावोगाव थांबणारी वेगळी. रूट कळल्याशिवाय प्रमुख तोंड उघडत नसे.

नवरा हसला. "रूट कुठला, बाबा? घर ते शेड, शेड ते घर. पाच किलोमीटर."

सासऱ्यांनी ते लिहून घेतलं.

"चढ?"

"शेडपाशी आहे एक. बऱ्यापैकी."

"थांबे?"

"सात स्पीड ब्रेकर. दोन सिग्नल. एक रेल्वे फाटक."

"जास्तीत जास्त स्पीड?"

"पन्नास. साठ म्हणा."

पाकिटावर सहा ओळी झाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक्केचाळीसले दहा."

म्हणजे चार पटींहून अधिक. नवऱ्याने तक्त्यात ती ओळ शोधली. ती बरीच खाली होती.

"बाबा, हे जरा जास्त नाही होत?"

"कोन्त्या रूटसाठी जास्त?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला त्यातलं कळत नव्हतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "एक्केचाळीसला दहा."

"पटलं म्हनून म्हनतं, का मी म्हनलं म्हनून?"

"पटलं, बाबा."

मला ते त्या वेळी खरं वाटलं. गणितात चूक नव्हती आणि खिडकीबाहेर दुसरा कुठला रूट दिसतही नव्हता.

जोडी अमेरिकेतून डिसेंबरात आली आणि जानेवारीत बसवायला घेतली. आता क्रेटवर नवरा असायचा आणि गाडीखाली सासरे. दर अर्ध्या तासाने जागा बदलायचे. "अबे, हा वॉशर कोन्त्या बाजूनं टाकला? डोळे हाय का बटनं?" असं मी शेडच्या दारातून ऐकलं आहे. बारा वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याला कोणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्याने वॉशर काढून उलटा टाकला.

दात एकमेकांवर नीट टेकतात की नाही हे बघायला दातांना रंग लावून चाक फिरवतात. रंग पुसलेली जागा बघून कळतं. डेपोत त्यासाठी तेलात कालवलेला शेंदूर वापरायचे. आमच्या घरी शेंदूर नव्हता. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये पूजेचा डबा होता. कपाटाला इथे प्रेस म्हणतात आणि एव्हाना आम्हीही म्हणायला लागलो होतो. डब्यातलं कुंकू मी पुडीत बांधून दिलं. सासऱ्यांनी ते इंजिन ऑइलमध्ये कालवलं आणि बोटाने एकेका दाताला लावू लागले.

शेडमालक चहाचा थर्मास घेऊन दारात आला. आत दोन माणसं वाकून एका चाकाला लाल टिळे लावत होती. त्याने टोपी काढली आणि ती छातीशी धरून उभा राहिला. बराच वेळ कोणाचं लक्ष गेलं नाही.

"झाला का आशीर्वाद?" शेवटी त्याने हळू आवाजात इंग्रजीत विचारलं. "आता ग्रँड चालेल बघा." मस्तला इथे ग्रँड म्हणतात.

"काय म्हनते तो?" सासऱ्यांनी विचारलं.

"पूजा चाललीय असं वाटतंय त्याला."

"मंग चहा कायले आनला? नारळ आन म्हना."

नवऱ्याने भाषांतर केलं. दुसऱ्या दिवशी शेडमालकाने दुकानातून खरोखर एक नारळ आणला. तो फोडला, खाल्ला आणि काम पुढे चालू झालं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी स्वतःच्या चाकांवर शेडबाहेर आली. सासरे शेजारच्या सीटवर होते, मी मागे. शेडसमोरचा चढ ती दुसऱ्या गिअरमध्ये, पाय जवळजवळ न दाबता चढली. सिग्नलवरून सुटताना माझं डोकं सीटला टेकलं. फाटक, सात स्पीड ब्रेकर, आमच्या वसाहतीतलं शेवटचं वळण. कुठेही गाडीने कुरकुर केली नाही. उतरल्यावर सासऱ्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "उचलते." डेपोच्या भाषेत याहून मोठी पावती नाही, हे मला नवऱ्याने नंतर सांगितलं.

महिनाअखेर ते आखाती देशातून जाणाऱ्या विमानाने परत गेले. विमानतळावर त्यांनी मुलाला मागच्या ॲक्सलचं तेल पाचशे किलोमीटरला बदलायला सांगितलं. तब्येतीबद्दल कोणीच काही बोललं नाही.

मार्च-एप्रिलमध्ये अकोला बंद होतं. ते घराबाहेर पडत नव्हते. एप्रिलमध्ये त्यांच्या कार्यशाळेतले दोन सहकारी गेले. नवरा रोज फोन करायचा: ऑक्सिजन किती, ताप आहे का, जेवलात का, दार कोणाला उघडू नका. चार मिनिटांत फोन संपायचा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे जिल्ह्याबाहेर जायला परवानगी मिळाली. पहिल्याच शनिवारी सकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. दोनशे किलोमीटरवरच्या लिमरिकपर्यंत जायचं, नदीकाठी डबा खायचा, परत यायचं, असा बेत होता. मोटरवेला लागेपर्यंत सगळं ठीक होतं.

ऐंशीला आवाज वाढला. शंभरला आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. एकशे दहाला इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेतीन हजारांच्या पुढे होता आणि समोरचा आरसा इतका थरथरत होता की मागचं काही दिसत नव्हतं. पाचवा गिअर नव्हता. नवऱ्याने दोनदा सवयीने गिअरच्या दांड्याला हात लावला आणि काढून घेतला. आम्ही डावीकडच्या लेनमध्ये ऐंशीवर आलो. घोड्यांची वाहतूक करणारी एक व्हॅन आम्हाला ओलांडून गेली. अर्ध्या वाटेवर, पोर्टलीशच्या पुढे एका पेट्रोल पंपावर आम्ही डबा खाल्ला आणि तिथूनच वळलो.

"पिवळी ओळ बरोबर होती," मी म्हटलं.

"माहितीय मला."

"तेव्हा माहीत होतं?"

"शंका होती. पण त्यांनी इतकं मन लावून लिहिलं होतं पाकिटावर."

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. आमचा बेत त्यांना माहीत होता, ते वाट बघत बसले होते.

"लांब नेली का रे? कशी पळते?"

"मस्त, बाबा. एकदम मस्त."

"काटा किती होता?"

"पाहिला नाही."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी दुपारी त्यांनी मला फोन केला. नवरा मीटिंगमध्ये असतो ती वेळ त्यांनी नेमकी साधली होती.

"सूनबाई, तू पेपरवाली. तुले इचारतो. काटा किती होता?"

त्यांच्यामागे कूलरचा आवाज येत होता.

"एकशे दहाला साडेतीन हजारांच्या वर, बाबा. आम्ही लिमरिकला पोचलो नाही. अर्ध्यातून परतलो."

"ठीक." ते रागावल्यासारखे वाटले नाहीत. "मी हिशोब केला तं छत्तीसशे आले. बरोबर हाय मंग."

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "कशाला सांगितलंस? त्यांची तिकडे काय अवस्था आहे, माहितीय ना?"

"विचारलं म्हणून."

तो पुढे बोलणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तो स्पीकरवर टाकला; बहुधा मी ऐकावं म्हणून.

"काटा पाह्यला नाही?" सासऱ्यांचा आवाज चढलेला होता. "गाडी चालवते अन् काटा पाहत नाही? लायसन कोनं देलं तुले?"

"बाबा, ऐका ना..."

"तू ऐक. डेपोत माही चूक निघाली की हेल्पर मले तोंडावर सांगे. 'साहेब, तुमचं चुकलं.' चारचौघात सांगे. मी शिव्या देओ, पन सांगे. तू माहा पोरगा, इंजिनिअर, अन् तुले सांगता येत नाही?"

"तुमचे दोघं मित्र गेले, बाबा. तुम्ही एकटे आहात. त्यात हे कशाला म्हणून..."

"ते गेले. मी हाय ना अजून?"

नवऱ्याने खुर्ची ओढली आणि बसला. मग त्याने सगळं सांगितलं: ऐंशीला काय झालं, शंभरला काय, आरसा, घोड्यांची व्हॅन. फेऱ्यांचे आकडे त्याला तोंडपाठ होते. सासरे मध्ये बोलले नाहीत. व्हॅनचा भाग ऐकून एकदा नाकातून आवाज आला, तो हसल्याचा असावा.

"तुम्ही रूट विचारला होता," नवरा म्हणाला. "मी पाच किलोमीटर सांगितला. चूक माझी आहे."

"तवा तेवढाच होता. खोटं नाही सांगतलं तू. मी धरून चाललो का आता जन्मभर तेवढाच राहीन. ते माहं चुकलं. लिहून ठेव."

कोणी काही लिहिलं नाही.

"आता तू काढ जोडी," ते म्हणाले. "मी तपासतो."

नवऱ्याने लॅपटॉप उघडला आणि तक्ता वाचून दाखवला. एकोणचाळीसला बारा. सासऱ्यांनी टायरचा घेर पुन्हा विचारला, गाडीचं वजन विचारलं, चार माणसं आणि सामान असेल तर शेडसमोरचा चढ कुठल्या गिअरमध्ये चढेल ते विचारलं. एका प्रश्नाचं उत्तर नवऱ्याकडे नव्हतं. मोजून सांगतो, म्हणाला. ते म्हणाले, मोजून सांग, तोवर मागवू नको. फोन पावणेदोन तास चालला. ऑक्सिजन किती, हे कोणी विचारलं नाही. ठेवताना मीच विचारलं.

जोडी जुलैच्या शेवटी आली. ऑगस्टमध्ये नवऱ्याने चार दिवसांची सुट्टी काढली. शेडमध्ये एका डब्याला फोन टेकवून ठेवला होता आणि त्यात सासरे दिसत होते, पांढरा बनियन, चष्मा कपाळावर. अकोल्यात दुपार उलटून गेली होती. मी जेवण घेऊन गेले तेव्हा काम शेवटच्या टप्प्यावर होतं. दोन्ही चाकांच्या दातांमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. फार कमी ठेवली तर तापतात, फार जास्त ठेवली तर आपटतात. ती फट पातळ पत्र्या घालून कमी-जास्त करतात आणि घड्याळासारख्या एका मापकाने मोजतात.

नवऱ्याने क्राऊन हाताने हलवला. खट् असा बारीक आवाज आला.

"जास्त हाय," सासरे फोनमधून म्हणाले. "आवाज आला मले. अजून एक पत्री टाक."

"नाही, बाबा. बरोबर आहे."

"अबे, आवाज आला ना."

"चुकताय तुम्ही."

शेडमालक दारात उभा होता. भाषा कळत नसूनही त्याने आधी फोनकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मोज," सासरे म्हणाले.

नवऱ्याने मापक लावलं, काटा शून्यावर आणला, क्राऊन हलवला आणि आकडा वाचला. मग चाक थोडं फिरवून पुन्हा वाचला, असं चार जागी. चारही आकडे मर्यादेच्या आत होते. सासऱ्यांनी चष्मा खाली घेतला, स्क्रीनजवळ आले आणि मापक कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. बराच वेळ ते काट्याकडे बघत होते.

"बरोबर हाय तुहं," ते म्हणाले. "मंग आता बोल्ट कस. आधी हातानं सगळे, मंग समोरासमोरचे."

नवऱ्याने पाना उचलला.